वटवाघळाचं पागोटं

सरदार रंगरावांनी गोरखचिंचेवर बंदूक रोखली. "फूल बघ, पांढरंशुभ्र! आणि त्याला झोंबणारं हे वटवाघूळ म्हणजे काळं ध्यान. उडवतोच."

ते झाड लेकरासारखं जपणाऱ्या कोंडाई माळणीचा जीव कळवळला. "सरकार, ताईसाहेबांचं लग्न जमवणारे मध्यस्थ दिसायला कसे होते?"

"काळे. दात पुढे आलेले."

"मग मांडवातून हाकललंत?"

"छे! मानाचं पागोटं बांधलं."

"नदीपल्याडच्या झाडाशी या फुलाची सोयरीक हेच जुळवतं, सरकार. हे गेलं, तर माझं झाड नटेल दरसाल, पण त्याची ओटी रिकामीच राहील."

सरदारांनी बंदूक खाली केली.

"यालाही पागोटं बांधलं असतं, कोंडाई," ते हळूच म्हणाले, "पण उलटं लटकतंय, डोक्यावर टिकायचं नाही."