थांबा म्हणणारा

"तुम्हीच सांगा, मास्तर. काढून टाकू का तो व्हिडिओ?"

मन्मथ बिडवे मोबाइल हातात धरूनच बसला होता. समोर खाटेवर तांबोळी मास्तर. लातूरच्या एका दैनिकात त्यांचा जन्म रात्रपाळीच्या उपसंपादकाच्या खुर्चीत गेला. मन्मथला पहिली बातमी लिहायला त्यांनीच शिकवलं होतं. आता साखरेच्या आजारानं दोन्ही डोळे नेले होते.

"काढ म्हणतंय कोण?"

"मुलीचा बाप. सकाळपासून फोनवर फोन. मुलगी कॉलेजला निघाली होती, रिंगरोडवर टिप्परनं उडवली. जागीच गेली. मी जवळच होतो, तिथूनच लाइव्ह केलं."

"बाप कुठं आहे?"

"चाकणला कंपनीत असतो. निघालाय, बसमध्ये आहे. घरी तिच्या आईला सांगितलंय की पाय मोडलाय, दवाखान्यात आहे. म्हणतो, मी पोचतो, माझ्या तोंडानं सांगतो. तोवर तेवढं काढा."

"मग?"

"संपादक नको म्हणतात. चार लाख लोकांनी बघितलाय, मास्तर! आपल्या ऑफिसात आजवर कुणाचाच एवढा गेला नाही. सोमवारपासून सगळा डिजिटल विभाग माझ्याकडं येतोय."

पोरगी मेल्याचं सांगताना तो खालच्या आवाजात बोलत होता. आकडा सांगताना मात्र आवाज आपोआप चढला. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

मास्तरांच्या आलं.

"हल्ली काम कसं चालतं रे तुमचं?"

विचारायचीच खोटी. मन्मथ सावरून बसला.

"पूर्वी बातमीदार वेगळा, फोटोग्राफर वेगळा, लिहिणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आता तसं नाही. मी व्हिडिओ काढतो, मीच बोलतो, मीच चार ओळी लिहून वेबसाइटवर टाकतो. उद्याच्या पेपरातही मीच काढलेला फोटो. सगळं एका फोनवर."

"सगळं तूच."

"सगळं मीच."

"आणि थांबा म्हणणारा?"

मन्मथ हसला. "ती तुमची खुर्ची, मास्तर. तुमच्यामागं कुणाला बसवलंच नाही. त्या जागी मोठा स्क्रीन लावलाय. कुठल्या बातमीवर किती माणसं आहेत ते दिसतं त्यावर."

मास्तर खाटेवर पुढं सरकले.

मग म्हणाले, "लाव तो व्हिडिओ. मला दिसत नाही. काय दिसतंय ते तू सांग."

फोनमधून हॉर्न ऐकू आले, माणसांचा गलका ऐकू आला.

"रस्ता आहे. स्कूटी आडवी पडलीय. गर्दी आहे. पोलीस यायचेत अजून. ती कडेला... तशीच. चेहरा मी दाखवला नाही, मास्तर. तेवढं भान ठेवलं."

"लोक काय लिहितायत?"

"ते काय वाचायचं? श्रद्धांजली. हात जोडलेले. एकानं कर्ज पाहिजे का म्हणून नंबर टाकलाय."

"वाच. गाळू नको काही."

मन्मथ कंटाळल्या आवाजात वाचू लागला. अरेरे. भावपूर्ण श्रद्धांजली. रस्त्याला बाप नाही राहिला. टिप्परवाल्याला फोडा. मग एका ओळीवर आला.

"'साहेब, कॅमेरा जरा पायांकडं घ्या.'"

त्याच वेळी फोनमधून त्याचाच आवाज आला. चांगला खणखणीत, तयार आवाज. "आपले एक प्रेक्षक विनंती करतायत, तर आपण थोडं जवळ जाऊन पाहूया..."

मास्तरांनी मान वर केली. "गेलास?"

"बघणाऱ्यांना उत्तर द्यायचं असतं, मास्तर. आम्हाला शिकवतातच तसं. माणसं टिकतात त्यानं. मला वाटलं, असेल कुणी हौशी..."

"नाव काय त्या हौश्याचं?"

मन्मथनं पहिल्यांदाच नाव पाहिलं.

...

"काय रे?"

"गोविंद गिरवलकर."

सकाळपासून ज्याचे फोन येत होते त्याचं हेच नाव होतं.

"त्याचं पुढचं वाच."

"'डाव्या पायात काळा दोरा आहे का बघा.'" मन्मथ थांबला. "'बंद करा आता. दिसलं मला.'"

"तू बंद केलंस?"

"नाही. मी हे वाचलंच नाही. तेव्हा आकडा चढत होता, माझं लक्ष त्याच्यावर..."

ही गोष्ट सांगताना आजही, या पोराचा राग यावा की दया, हे मला ठरवता येत नाही. तो वाईट नव्हता. सकाळी त्याच्या मागं कुणी उभं असतं, खांद्यावर हात ठेवून नुसतं 'जरा थांब' म्हणालं असतं, तर तो थांबला असता. पण तसं माणूस ऑफिसात उरलं नव्हतं, आणि त्याला त्याची उणीवही कधी वाटली नव्हती.

"मीच दाखवलं, मास्तर. बापाला मीच दाखवलं."

त्यानं चालू व्हिडिओ थांबवला.

"काढतो. विभाग गेला तर गेला, नोकरीही जाऊ दे. त्या माउलीच्या नजरेला पडायच्या आत काढतो."

"काढ."

मन्मथचा अंगठा फिरला. व्हिडिओ नक्की काढायचा का, असं फोननं विचारलं. तेवढ्यात वरच्या बाजूला एक नवी ओळ सरकली, आणि अंगठा तिथंच राहिला.

"काढलास?"

"एक नवी ओळ आलीय."

"कुणी लिहिलंय?"

"वर्षा गिरवलकर. नावापुढच्या फोटोत दोघी मायलेकी आहेत... एकसारख्या साड्या नेसलेल्या."

"वाच."

"नको, मास्तर."

"वाच म्हणतो ना."

"'कुणीतरी पांघरूण घाला हो तिच्यावर. तिला थंडी सोसत नाही.'"

...

मग मन्मथ एकदम भानावर आला. डोळे पुसत, घाईघाईनं तो व्हिडिओ काढायला गेला.

मास्तरांनी चाचपडत त्याचं मनगट शोधलं आणि घट्ट धरलं.

"आता नको. तिची आई आत्ता कुठं तिच्यापाशी पोचलीय."