राणीच्या नावचा उपास

ऐका अन्नपूर्णाबाई, तुमची कहाणी. आटपाट नगर होतं. नगर एकच, पण पाणी दोन चवींचं. वाड्यात गोड, गल्लीत मचूळ. वाड्यात राणी राहत होती, गल्लीत सगुणा. सगुणेचा नवरा परमुलुखी गेला, तो परत आलाच नाही. पदरी एक लेक, तानी.

राणीनं अन्नपूर्णेचा वसा घेतला. शुक्रवारी तोंडात काही घालायचं नाही. मग काय झालं? दुपार झाली, राणीला भोवळ आली. राणी म्हणाली, "मला उपास सोसत नाही. सोसणारी कोणी बघा." दासी गल्लीत आली. "सगुणे, तुला उपाशी राहायची सवय आहे. राणीच्या नावानं राहा. सांजेला उदक सोड, 'उपास माझा, फळ राणीचं' म्हण. पैसा मिळेल." सगुणा म्हणाली, "नाहीतरी उपाशीच असते. फुकट राहण्यापेक्षा मोलानं राहीन."

पहिला शुक्रवार आला. सगुणेनं उपास केला, उदक सोडलं. पैशाचे सूपभर जोंधळे आले. तानी पोटभर जेवली. राणीला फळ मिळालं, वाड्यात नवं कोठार उभं राहिलं. कोठार भरायला राणीनं बाजारातले जोंधळे उचलले. दुसरा शुक्रवार आला. उपास केला, उदक सोडलं. पैशाचे ओंजळभर आले. वाड्यात आणखी कोठार झालं, तेही भरलं. तिसरा शुक्रवार आला. उपास केला, उदक सोडलं. पैशाचे मूठभर आले. तानी चतकोर खाऊन निजली.

सगुणा वाड्यावर गेली. "बाईसाहेब, मोल वाढवा. पैशाला आता मूठभर येतात." राणी म्हणाली, "अगं, महागाई जेवणाऱ्याला. न जेवायला कसला आलाय खर्च?"

हसू नका गं बायांनो, ऐका. मग सगुणा मंगळवारही धरू लागली, मग रोजच धरू लागली. जितके उपास तितकी कोठारं. जितकी कोठारं तितकी मूठ लहान. एके दिवशी तानी उठेना.

सगुणा देवळात गेली. "आई, इतके उपास केले, एकाचं तरी फळ माझ्या लेकीला दे." पायरीवर एक म्हातारी बसली होती. ती अन्नपूर्णाच होती. म्हातारी म्हणाली, "तुझ्या नावावर एकही उपास नाही."

"भूक तर माझीच होती!"

"भूक तुझी, पण उदक सोडलंस ना? केल्याचं फळ राणीला गेलं. मोडल्याचंही तिलाच जाईल."

सगुणेच्या डोक्यात उजेड पडला. घरी आली, होते नव्हते ते जोंधळे भरडले, कण्या रांधल्या. तानीला भरवल्या. भर उपासाच्या दिवशी दोन घास आपणही खाल्ले. मग उदक सोडलं. "मोडला मी, फळ राणीचं." तानीनं डोळे उघडले. वाड्यात एका कोठाराचा भुसा झाला.

राणी रडली का? नाही. शहाणी झाली का? नाही. दासीला म्हणाली, "दुसरी बाई बघा. अर्ध्या मोलात येईल."

दासी गल्लीत आली. बाया दारात उभ्याच होत्या. शेजारच्या भिवरेनं हात पुढे केला. सगुणेनं तो धरला. "भिवरे, उदक सोडू नको. उपास आपले नि कोठारं तिची. सगळ्यांनीच हात मागे घेऊ."

भिवरा म्हणाली, "तुझी लेक आज जेवली. माझ्या पोरांनी काय खावं? तू घालतेस?"

सगुणेचं मडकं रिकामं होतं. तिनं हात सोडला. दोन दिवसांनी तानीला पुन्हा भूक लागली. सगुणा बायांच्या मागे जाऊन उभी राहिली.

म्हातारी अजून पायरीवर बसली आहे. सगळी गल्ली एकाच शुक्रवारी कधी जेवते, याची वाट बघते आहे. बायांनो, आपणही आज उपाशी बसलो आहोत. उदक सोडताना नाव नीट घ्या. अन्नपूर्णा राणीला पावली तशी कुणाला न पावो. ज्याची भूक त्याला फळ मिळो. ही साठां उत्तरांची कहाणी, पांचा उत्तरीं संपूर्ण. सुफळ तेवढं अजून वाड्यात आहे.