शिंदीवर रुसलेला माळ

गोष्ट सांगा, गोष्ट सांगा म्हणून तुम्ही पोरं माझ्या डोक्यावर बसलात. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, मला कसल्या गोष्टी येतात? पण तुमच्या बाईंनी सगळ्यांसमोर "आजोबा, शाळेच्या अंकात तुमची गोष्ट हवीच" म्हणून मला अडकवलं. तेव्हा सांगतो. नीट वाचा. कळलं नाही म्हणून विचारायला आलात तर हाकलून देईन.

घाटावरच्या एका उजाड माळावर एक ओढा होता, आणि ओढ्यावर वाकलेली एक शिंदी होती. शिंदी म्हणजे खजुराची गरीब बहीण. खोडाला खवले, पानांना काटे, सावली म्हणाल तर टोपलीएवढी. त्या शिंदीवर एक सुगरण राहत असे. तिच्या नवऱ्यानं पानांच्या टोकांना खोपे विणून टांगले होते. खोपा विणतो नर आणि नाव होतं सुगरणीचं, पण ते असो. खाली काटे, त्याखाली पाणी. सापाची काय बिशाद वर चढायची! पिल्लं सुखात वाढायची.

त्याच माळावर एक वानर होता. त्याला मिरवायची भारी हौस. एकदा तो घाट उतरून कोकणात गेला आणि महिनाभरानं कोंब फुटलेला एक नारळ काखेत मारून परत आला. जमलेल्या जनावरांना म्हणाला, "याला म्हणतात झाड! उंच, गुळगुळीत, एक काटा नाही. फळात गोड पाणी. तिथं समुद्राकाठी याच्या रांगाच्या रांगा. आणि आपण? आपण या खरखरीत शिंदीला कवटाळून बसलोय. परगावचा कुणी आला तर मान खाली घालावी लागते."

मग काय, सगळ्यांनाच शिंदीची लाज वाटायला लागली. काल तिच्याखाली लोळणारा ससासुद्धा तिच्याकडे पाठ करून बसला. पाऊस सुरू झाला होता. वानरानं ओढ्याकाठी खड्डा काढून नारळ लावला. पावसाच्या ओलीत रोप तरारलं. वानर रोज त्याच्याभोवती फेऱ्या मारी आणि लांबून बघा म्हणे. शेवटी एक दिवस त्यानं साळिंदराला बोलावलं.

"शिंदीची सावली माझ्या रोपावर पडते. तू तिचा बुंधा कुरतड आणि पाड तिला."

साळिंदराला कुरतडायला कारण लागत नाही. तो लगेच दात घासत निघाला. तेवढ्यात सुगरण फडफडत खाली आली.

"साळिंदरदादा, थांबा! वर माझी पिल्लं आहेत."

"मग नारळावर बांध ना खोपा," वानर म्हणाला.

"हातभर रोपावर? तिथं तर बेडूकही उडी मारून पोचेल! वानरभाऊ, मी काही झाडाशी भांडत नाही. एवढंच म्हणते, त्याला आधी एक थंडी आणि एक उन्हाळा इथं काढू द्या. तो तगला, तर खुशाल पाडा शिंदी. मी माझी माणसं घेऊन दुसरीकडे जाईन."

"एक नाही, दहा काढील!" वानर छाती फुगवून म्हणाला. चारचौघांत बोलून गेला, त्यामुळे मागे फिरता येईना. साळिंदर तोंड पाडून परत गेला. पण सुगरणीचा जीव टांगणीलाच होता. दुसरी शिंदी त्या माळावर नव्हती.

पाऊस सरला. पिल्लं उडाली. थंडी पडली, आणि माळावरची थंडी म्हणजे काय ते तुम्हाला कशाला सांगू? कोरडा वारा सुटला, ओठ फुटले, आणि नारळाच्या पानांची टोकं तपकिरी झाली. वानर घाबरला, पण कबूल कुठला करतो! म्हणाला, "मीठ कमी पडलं. कोकणात नारळाच्या खड्ड्यात मीठ घालतात, मी स्वतः पाहिलंय." गुराख्यांनी गुरांना चाटायला दगडावर ठेवलेले मिठाचे खडे त्यानं पळवले आणि रोपाच्या बुडाशी ओतले. गुरं चिडून त्याच्या मागे लागली, ती वेगळीच गंमत. रोप मात्र आणखीच मलूल झालं.

सुगरण शिंदीच्या पानावरून म्हणाली, "भाऊ, मीठ आणलंत. समुद्रावरचा दमट वारा कसा आणणार? बारमाही ओल कशी आणणार?"

"तू गप्प बस गं! घरटी विणणाऱ्यांनी शेती शिकवू नये."

उन्हाळा आला. ओढा आटला. वानर तोंडात पाणी धरून लांबच्या डबक्यापासून पळत यायचा, आणि निम्मं वाटेतच गिळायचा. चैत्र संपता संपता नारळाचा कोंब वाळून काडी झाला. शिंदी मात्र तशीच उभी. तिच्या मुळांनी खोल कुठली तरी ओल धरून ठेवली होती. वैशाखात तर तिला पिवळेजर्द घोस लागले. सगळा माळ उपाशी, आणि शिंदीखाली फळांचा सडा! ससा आला, कोल्हा आला, खारी आल्या. सगळ्यांच्या आधी कोण आलं असेल? वानरच. दोन्ही गाल भरलेले, बोलताही येईना.

"काय भाऊ, कशी लागली काट्याची फळं?" सुगरणीनं विचारलं.

"बरी आहेत," वानर पुटपुटला. मग खाली बघत म्हणाला, "नारळ तिथंच शोभतो गं. मी उगाच त्याला इथं आणून मारला. आणि तुझं घरही पाडायला निघालो होतो."

"मग मी काय कुरतडू?" साळिंदर रडवेला होऊन म्हणाला.

"ती वाळकी काडी कुरतड!" सगळे एकदम ओरडले, आणि माळभर हशा पिकला. पहिला पाऊस पडायच्या आत सुगरणीच्या नवऱ्यानं नवा खोपा विणायला घेतलासुद्धा.

तात्पर्य : नारळ, ताड, पोफळ, शिंदी ही एका घराण्यातली भावंडं, पण प्रत्येकाची हवा वेगळी. झाड नुसतं खड्ड्यात रुजत नाही, तिथल्या हवेत रुजतं. म्हणून दुसरीकडचं भारी झाड बघून आपलं पाडू नये.

एवढं तुम्हाला कळलं असेल, तर माझ्या शेजाऱ्यालाही वाचून दाखवा. दारात शोभेचा माड लावायचा म्हणून त्यानं माझ्या बांधावरची शिंदी पाडली. माड पहिल्याच थंडीत गेला. "आबा, चुकलं" एवढे दोन शब्द अजून त्याच्या तोंडातून निघालेले नाहीत. नाव हवंय? भागुजी ढवळे.