शुद्ध शिशाची कडक गोळी

माणखोऱ्याच्या राजेसाहेबांनी गव्यावर गोळी झाडली आणि गव्याने नुसती मान वळवून पाहिलं!

पुढे काय झालं ते दरबारात कुणी बोलत नसे. पण हाकाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. राजेसाहेब विलायती ठासणीची बंदूक टाकून हिरड्याच्या झाडावर चढले. असे चढले, की वानरांनी तोंडात बोटं घातली! गवा बुंध्याला शिंगं घासत बराच वेळ उभा राहिला आणि कंटाळून निघून गेला.

खाली उतरल्यावर गोळी सापडली. गव्याच्या कपाळावर आपटून ती बत्ताशासारखी चपटी झाली होती.

"आमचा नेम अचूक होता," राजेसाहेब म्हणाले. "गोळीच नादान!"

"गोळी फितूर झाली, सरकार!" दिवाण त्रिंबकपंत म्हणाले. ते अजून झाडावरच होते.

आता गोळीला काही बेड्या घालता येत नाहीत. म्हणून ती ओतणाऱ्या धोंडजी ओताऱ्याला कोठडीत टाकलं.

धोंडजीची मुलगी ठकू धावत दरबारात आली. "सरकार, माझ्या आबांची चूक काय? शिसं मऊच असतं. कठीण काही समोर आलं की पसरतं!"

दरबारी मंडळींना उगाचच खोकला आला.

"मग ते कडक कर!" राजेसाहेब गरजले. "पण लोखंडाची गोळी आणशील तर खबरदार! आमच्या बंदुकीच्या नळीला ओरखडा उठता कामा नये."

"आणि शिशात भेसळ चालणार नाही!" त्रिंबकपंतांनी पुस्ती जोडली. "परवाच सरकारांनी दुधात पाणी घालणाऱ्या गवळ्याला हद्दपार केलं. भेसळ सापडली, तर बापलेक दोघंही त्याच्या मागोमाग!"

त्या गवळ्याचं दूध राजवाड्यात जात होतं, म्हणून सापडलं. गावाच्या दुधाची चौकशी करायला दिवाणजींना अजून सवड मिळाली नव्हती.

"येत्या बाजाराच्या दिवशी गोळी हजर कर," राजेसाहेब म्हणाले. "शिसंही हवं आणि कडकही हवं!"

ठकू घरी येऊन चुलीपुढे बसली. शिसं कसं कडक होतं हे ओताऱ्याच्या घरात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. कल्हईचं थोडं कथील घातलं की झालं. आबांनी तेच दिवाणजींकडे मागितलं होतं आणि दिवाणजींनी हाकलून दिलं होतं. गोळी ओतणं सोपं होतं. ती ओतून गावात राहणं अवघड! कथील घालावं तर हद्दपारी, न घालावं तर आबांची कोठडी. रडून घेतलं, तोंडावर पाणी मारलं आणि तिने शिशाची पळी विस्तवावर ठेवली. शिसं वितळलं तसा घरातल्या भांड्यांच्या कल्हईसाठी ठेवलेला कथलाचा तुकडा त्यात सोडला, ढवळलं आणि रस साच्यात ओतला.

बाजाराच्या दिवशी राजवाड्यामागे सागाचा जाडजूड ओंडका उभा केला. राजेसाहेबांनी बंदुकीत दारू भरली, गोळी गजाने ठासली आणि चाप ओढला. धूर विरला, तेव्हा गोळी ओंडक्यात खोल रुतली होती. सुताराने ओंडका फोडून ती काढली. जराशी दबली होती इतकंच. बत्तासा झाला नव्हता!

"वाहवा!" राजेसाहेब ओरडले.

"वाहवा!" दरबार ओरडला.

त्रिंबकपंतांनी मात्र ठकूच्या हातातली दुसरी गोळी घेऊन तिच्यावर नख ओढलं. शुद्ध शिशावर नखाचा ओरखडा उठतो. इथे नखच मोडलं!

"भेसळ, सरकार, भेसळ! ए पोरी, काय घातलंस यात?"

"कथील," ठकू म्हणाली.

"कबूल करते आहे! हद्दपार करा!"

ठकू दिवाणजींकडे वळली. "जाते मी, दिवाणजी. तेवढं एक सांगा. सरकारांच्या मनगटात ते कडं कशाचं?"

"डोळे फुटले का? सोन्याचं!"

"नुसत्या सोन्याचं?"

"अर्थात! मी स्वतः सोनारासमोर बसून घडवून घेतलं."

"मग सरकारांनी ते दोन्ही हातांनी दाबून पाहावं. निखळ सोनं असेल तर वाकेल!"

राजेसाहेबांनी दाबलं. दात-ओठ खाऊन दाबलं. कडं जसंच्या तसं!

"सोनं मनगटावर टिकावं म्हणून सोनार त्यात तांबं घालतो, सरकार. शिसं हाडावर टिकावं म्हणून मी त्यात कथील घातलं. माझी गोळी भेसळीची असेल, तर सरकारांच्या मनगटातही भेसळ आहे, आणि ती दिवाणजींनी समोर बसून करून घेतली. आता दिवाणजींनीच सांगावं, हद्दपार कोण? मी एकटी, की सोबतीला तेही येतात?"

त्रिंबकपंत हळूच सागाच्या ओंडक्यामागे सरकले.

राजेसाहेब आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. सरकार हसले म्हटल्यावर दरबारही हसला. "बोला दिवाणजी, आमचं कडं सोन्याचं की भेसळीचं?"

"सो... सोन्याचं, सरकार."

"मग गोळीही शिशाचीच! सोडा धोंडजीला!" आणि राजेसाहेबांनी हातातलं कडं उतरवून ठकूच्या हातात दिलं. "घे पोरी. आणखी काय हवं ते माग!"

"आबांना शिकारखान्याचं ओतकाम कायमचं द्यावं, सरकार," ठकूने मुजरा केला. "आणि कथील दिवाणजींच्या हातून मिळावं!"

राजेसाहेब पुन्हा हसत सुटले. त्रिंबकपंत मोडलेलं नख चोखत कथलाच्या कोठाराची किल्ली आणायला निघाले.