ठकूच्या राईचे राखणदार

फार फार मागं, तुमच्या पणज्याच्या पणज्याचंही नाव ठेवलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. घाटाखालच्या तिरफळवाडीत धाकू राहायचा. भारी संशयी! बायकोनं पान वाढलं, तरी आधी मांजराला घास घालून बघायचा.

भाताची रोपं टाकण्याआधी गाव झाडांच्या फांद्या तोडून शेतात जाळायचं, जमीन भाजायचं. त्याला राब म्हणतात. पण ओढ्याकाठच्या राईत ठकू नावाची एकटी बाई कुणाला कोयता लावू देईना. धाकूच्या मनात पाल चुकचुकली. का बरं देत नाही? काय पुरलंय तिथं?

त्यानं पाळत ठेवली. आणि काय दिसावं? ठकू त्याच्याच लिंबावरचे सुरवंट पानासकट उचलून राईत सोडत होती. धाकू सुरवंट दिसला की चेचायचा, आणि ही बया ते जपते?

"चेटूक! आज माझ्या लिंबावर, उद्या पोराबाळांवर करील," त्यानं गावभर केलं. गावाचंही ठरलं, राई जाळायची आणि ठकूला वेशीबाहेर काढायचं.

भर दुपारी धाकू पेटती चूड घेऊन पुढं झाला. ठकू राईच्या तोंडाशी बसलेली, हलली नाही. त्यानं चूड खाली नेली मात्र, आणि फांद्यांवरची सुकली पानं उठली. पानं कसली, फुलपाखरं ती! असं म्हणतात, ऊन दिसेना झालं आणि पंखांच्या वाऱ्यानं चूड विझली.

"ज्यांना चेचतोस ना, त्यांनाच हे पंख फुटतात, मेल्या," ठकू रडत म्हणाली.

"खोटं! मी नाही मानत."

"मग बस इथंच. सुरवंटावरून नजर काढू नकोस."

बसला की! सुरवंटाचा कोष झाला, कोष फुटला, ओले पंख धाकूच्या बोटावर वाळले. त्याला हुंदका आवरेना. पण माणूस तोच. आता राईतली फांदी कोण चोरून नेतो, म्हणून त्याला सगळ्या गावाचा संशय येऊ लागला. पाहुण्याची पिशवी, मेव्हण्याची टोपली, सगळं तपासायचा.

ठकू थकली, तेव्हा लोकांनी विचारलं, राई कुणाच्या हवाली करतेस? ती हसली. "धाकूच्या. भोळा माणूस राखणीला काय कामाचा?" मग ती राईत गेली, ती पुन्हा दिसली नाही. असं म्हणतात, तिचं लुगडं तेवढं फांदीवर दिसलं, आणि हात लावायला गेले तर तेही उडून गेलं.

अजूनही तिरफळवाडीत राबाच्या दिवसांत ठकूच्या नावानं राखण बसते. ज्या दोन घरांचं एकमेकांशी पटत नाही, त्यांचाच एकेक माणूस राईत बसवतात. दोघं दिवसभर एकमेकांच्या हातांकडे बघत बसतात. अंगावर फुलपाखरं येऊन बसली तरी नजर हटत नाही. राईतली काडीसुद्धा बाहेर जात नाही.