तुरुंगाच्या फाटकातली भाऊबीज

भाविकहो, सावरदरा गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याकाठच्या मठीत श्री उमागीर महाराज राहत होते, तेव्हाची ही हकिकत. मठीचे सडासारवण ठकूबाई करी. बाई विधवा, पाठचा एकुलता एक भाऊ रानबा. बांधाच्या भांडणात त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याने एकाचे डोके फोडले आणि पाच वर्षांसाठी जिल्ह्याच्या तुरुंगात गेला. गावाने त्याचे नाव टाकले. ठकूबाईने टाकले नाही! दर भेटीला ती आठ कोस चालत जाई, जाळीपलीकडच्या भावाला डोळे भरून पाही आणि परत येऊन मठी सारवी.

दिवाळीच्या तोंडावर तुरुंगावर नवे साहेब आले आणि नवा नियम निघाला. सख्ख्या नात्याचा पाटलाचा दाखला असेल, तरच भेट. ठकूबाई पारावर माणकोजी पाटलांपुढे उभी राहिली.

"तुरुंगातल्या गड्यासाठी दाखला? माझ्या सहीचा?" पाटील चारचौघांत हसले. "ठके, भाऊ मेला समज. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तूही ओवाळ!"

सारा पार खदखदला. ठकूबाईच्या अंगाची लाही लाही झाली.

"ज्यांना भाऊ न्हाई त्यांनी चंद्राला ओवाळावं, पाटील. माझा भाऊ जित्ता हाय! त्यानं गुन्हा केला, सजा भोगतोय, म्या कुठं न्हाई म्हणते? पर त्याची भैन म्या हाय, आन् ते तुमच्या सहीनं ठरत न्हाई. भाऊबीजेला म्या जाणार म्हंजे जाणार!"

तोऱ्यात बोलून आली खरी, पण मठीत पाऊल टाकताच तिला रडू कोसळले. "महाराज, फाटकातनंच हाकललं तर? गेल्या भेटीला त्यो म्हणला, आक्का, तू बी येईनाशी झालीस तर म्या भिंतीवर डोकं आपटून जीव दीन."

महाराज म्हणाले, "मग रडत काय बसलीस, बाय? ओवाळणीचं ताट घे आणि चालू लाग. दाखला द्यायचा तो देईल."

भाऊबीजेच्या पहाटे ती निघाली आणि दुपारी तुरुंगाशी पोचली. शिपायाने दाखला मागितला.

"दाखला न्हाई. पर भावाला ओवाळल्याबिगर म्या हितनं हलणार न्हाई," असे म्हणून तिने फाटकातच बैठक मारली.

शिपाई दंडुका उगारतो तोच मागून आवाज आला, "थांबा!" वळून पाहते तो काय, खुद्द माणकोजी पाटील! अनवाणी, गुडघ्यांपर्यंत धुळीने माखलेले. गलका ऐकून बाहेर आलेल्या साहेबांना हात जोडून ते म्हणाले, "ही त्याची सख्खी बहीण. मी गावचा पाटील, माझ्या डोळ्यांदेखत दोघं वाढली." तिथेच त्यांनी दाखल्यावर सही केली आणि ठकूबाई काही बोलणार तेवढ्यात दिसेनासे झाले. आत जाळीपलीकडे रानबा ढसाढसा रडत होता. फटीतून बोट घालून तिने त्याला दटावले, "गप रं! टिळा वाकडा लागतोय."

दुसऱ्या दिवशी गावात येताच ती थेट पारावर गेली. महाराजही तिथे येऊन बसले होते. तिने पाटलांना वाकून नमस्कार केला. "पाटील, बोललासा वंगाळ, पर आठ कोस अनवाणी आलासा! माझ्यासाठी त्या सायबाम्होरं हात जोडलंसा!"

लोक चाट पडले. काल दिवसभर पाटील याच पारावर पान खात बसले होते, अख्ख्या गावाने पाहिले होते. "मी? मी हात जोडले?" पाटील पांढरेफटक पडले. त्यांची नजर महाराजांकडे गेली. महाराजही काल मठीतून हलले नव्हते. पण आज ते पाय पसरून बसले होते आणि दोन्ही तळपायांना टपोरे फोड आले होते!

"माणकोजी," महाराज म्हणाले, "तू जायचंस, तिथं तुझं रूप घेऊन आम्हाला जावं लागलं."

पाटलांना हुंदका आवरेना. पागोटे काढून ते महाराजांच्या पायांवर घालू लागले, तसे महाराजांनी पाय आखडून घेतले. "माझ्या नव्हे, तिच्या."

आणि सगळ्या गावासमोर पाटील त्या सारवण करणाऱ्या बाईच्या पायांशी वाकले. ठकूबाई दोन पावले मागे सरली.

"पाया नगा पडू, पाटील. दाखला लिवा. सजा सरंपतुर पुरंल असा."

पाटलांनी तिथेच, तिच्यासमोर खाली मातीत बसून, तो लिहिला.