राजाची झोप कुणाची?

"महाराज उठले की नगारा वाजलाच पाहिजे. पण महाराज कधी उठले, हे गावात कुणालाही कळता कामा नये! उद्यापासून हे जमलं तर ठीक. नाही तर नगारा खाली ठेव आणि बायकापोरांसकट राज्याबाहेर चालता हो."

आंबेखिंडीच्या धैर्यशीलराजांनी असा हुकूम सोडला आणि नगारा वाजवणाऱ्या बिचाऱ्या केरबा गुरवानं कपाळावर हात मारला. नगारा म्हणजे काय कमरेचा रुमाल आहे, हळूच काढला आणि हळूच खोचला? त्याचा आवाज पार नदीपलीकडे जातो. तो वाजवायचा आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही म्हणे!

झालं होतं असं. आंबेखिंडीत जुनी रीत होती. राजा उठला की वाड्यावरचा नगारा वाजायचा, नगारा वाजला की वेशीचा दरवाजा उघडायचा, आणि मगच बाजार मांडायचा, कचेरी भरायची. राजांचे वाडवडील कोंबड्याबरोबर उठत, म्हणून कुणाचं कधी अडलं नाही. हे राजे मात्र अलीकडे ऊन अंगावर येईपर्यंत घोरत पडायचे. तोवर वेस बंद. बाहेर गौळणींचं दूध घागरीतच नासायचं. परवा तर शेजारच्या वाडीची सुईण वेशीबाहेर अडकून पडली आणि आत पोर तिची वाट न बघताच जन्माला आलं. मग लोक बोलणार नाहीत तर काय करणार? कुणी म्हणे राजा आजारी आहे, कुणी म्हणे भांग घेतो. दिवाण अंताजीपंतांनी हे सगळं तिखटमीठ लावून राजांच्या कानावर घातलं. राजे भडकले. आमच्या शेजघरातली गोष्ट पाणवठ्यावर कशाला, असं म्हणत त्यांनी सगळा राग काढला तो नगारा वाजवणाऱ्यावर.

केरबा घरी आला आणि बायकोला म्हणाला, भांडी बांधायला घे. त्याची लेक हौसा चुलीपुढं बसली होती. ही हौसा म्हणजे महा आगाऊ पोरगी. तिनं बापाकडून हुकूम शब्दन् शब्द वदवून घेतला, पुन्हा एकदा वदवून घेतला, आणि गालातल्या गालात हसली.

"आबा, तुम्ही खुशाल झोपा. उद्याचा नगारा मी वाजवते."

केरबा म्हणाला, अगं, पोरीबाळींनी नगारखान्यात पाऊल टाकलेलं कधी ऐकलं नाही. त्यावर हौसानं विचारलं, कुणी वाजवायचा हे हुकुमात आहे का? ते नव्हतं. मग केरबानं टिपऱ्या काढून तिच्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला जेमतेम तांबडं फुटलं आणि हौसानं नगाऱ्यावर असा काही टिपऱ्यांचा मारा केला की वाड्याच्या खिडक्या थरथरल्या. वेस उघडली. गौळणी आत शिरल्या. आणि राजे? ते पलंगावरून थेट जमिनीवर आले. आधी वाटलं शत्रू आला, मग वाटलं आग लागली. तशीच पगडी डोक्यावर ठेवून ते दरबारात येऊन बसले आणि बापलेकीला समोर उभं करायला सांगितलं. गंमत बघायला निम्मं गाव मागोमाग आलं.

"आम्ही उठलो नसताना नगारा वाजलाच कसा?" राजे गरजले.

हौसा हात जोडून म्हणाली, "महाराज, तुम्ही उठला आहात आणि नगारा वाजला आहे. आधी वाजवू नये, असं काही हुकुमात नव्हतं."

"आणि कुणाला कळता कामा नये, त्याचं काय?"

"रोज असा उजाडतानाच वाजला, तर लोक म्हणतील, उजाडलं. महाराज उठले की कूस बदलून पुन्हा झोपले, ते कुणाला कळणार?"

राजांना हे पटायला लागलं होतं. पण अंताजीपंतांना कुठं राहवतंय? ते पुढं सरसावले आणि म्हणाले, मुळात गावाला राजाच्या झोपेची उठाठेव हवीच कशाला?

"पंत, वेशीची कडी महाराजांच्या उशाशी बांधलेली आहे," हौसा म्हणाली. "ती तिथं आहे तोवर झोप महाराजांच्या एकट्याची नाही. गौळणीची आहे, सुईणीची आहे. कडी सोडून द्या, मग महाराजांनी दिवेलागणीपर्यंत झोपावं. कोण विचारतंय?"

"म्हणजे उद्या महाराज काय जेवले, हेही विचारणार तुम्ही?"

"महाराजांनी कारल्याची भाजी पानात टाकली म्हणून कुणाची वेस बंद राहत नाही, पंत. ते आम्ही कशाला विचारू?"

लोक खुसुखुसू हसले. राजांना वाटलं, आपल्यालाच हसतात, आणि ते तिरमिरीत उठून उभे राहिले.

"काही सांगू नकोस! तुम्हा लोकांना सगळंच हवं असतं. उद्या म्हणाल, राजे रात्रभर राणीसाहेबांशी सोंगट्या खेळतात, हरायला लागले की रडीचा डाव खेळतात, म्हणून राणीसाहेब त्यांच्याशी बोलत नाहीत! हेसुद्धा गावानं विचारायचं का?"

केरबानं तर डोळेच मिटून घेतले.

हौसा अगदी नम्रपणे म्हणाली, "नाही महाराज. हे गावानं विचारलं नव्हतं. हे तुम्हीच सांगितलंत."

बाजूला राणीवशासाठी लावलेल्या चिकाच्या पडद्याआडून फिस्सकन हसू ऐकू आलं. ते राणीसाहेबांचं होतं! राजांनी पडद्याकडे पाहिलं, हौसाकडे पाहिलं, आणि मग तेही असे खो खो हसत सुटले की पगडी घरंगळून पंतांच्या पायाशी गेली.

हसू आवरल्यावर त्यांनी हातातलं सोन्याचं कडं हौसाला दिलं, केरबाला नगारखान्याचं काम कायमचं लावून दिलं, आणि वेस उजाडताच उघडायची, राजा उठो वा न उठो, असा हुकूम काढला. मग सगळ्यांच्या देखत एक लांबलचक जांभई देऊन ते पुन्हा झोपायला गेले. कधी उठले, ते कुणी विचारलंसुद्धा नाही.